डावीकडे जमा

बडोदे,
कोजागरी पौर्णिमा

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा पुन्हा तेच म्हणाले, "तुझं कॉलेज आम्ही मोडलं." फोनवर मला गळा दाटून बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे. अक्षर मोठं काढलंय, तरी बाबा, ऑपरेशन झालेला डोळा ताणू नका. आईकडून वाचून घ्या.

इग्नूचं, म्हणजे मुक्त विद्यापीठाचं, बी.कॉम. नीट चाललंय. इथे वयाची अट नाही. पदवीला निदान ३ वर्षं, आणि अडचण आलीच तर ६ वर्षांपर्यंत मुभा. ३० टक्के गुण घरी हातानं लिहायच्या असाइनमेंटना, ७० टक्के परीक्षेला. एका क्रेडिटला अभ्यासाचे ३० तास धरतात, म्हणजे सहा क्रेडिटच्या अकाउंटन्सीला १८० तास. पहाटे साडेचारला उठते, सहापर्यंत घर माझं असतं.

पण पहिल्याच असाइनमेंटला अडले. दुकानात इतकी वर्षं संगणकावर हिशेबाच्या टॅलीत नोंदी टाकल्या, त्या का टाकतो ते कधी कुणी विचारलं नव्हतं. पुस्तक म्हणतं, डावी बाजू नावे, म्हणजे डेबिट; उजवी जमा. रोख आली की रोख खातं नावे. आणि माझ्या डोळ्यांसमोर तुमची कीर्द, रोजच्या हिशेबाची ती वही! लाल कापडाची, रेघा नसलेली, नुसत्या घड्या घातलेली. तिच्यात डावीकडे जमा, उजवीकडे नावे. दोन पहाटा नुसत्या बसून गेल्या. पुस्तक खरं की बाबा?

मग पेढीवरून आल्यावर तुम्ही मला विचारायचात ते आठवलं. "पैसे कुणी दिले?" हळद घेणाऱ्या व्यापाऱ्यानं. "मग त्याला जमा. उचल कुणी घेतली?" शेतकऱ्यानं. "मग त्याच्या नावे." बाबा, तुम्ही माणसाचं खातं लिहीत होता आणि पुस्तक तिजोरीचं लिहितं. आलेले पैसे दोन्हीकडे डावीकडेच आहेत! व्यवहार एकच, त्याची एक बाजू तुमच्या कीर्दीत, दुसरी माझ्या पुस्तकात. रविवारी अभ्यासकेंद्रात मी हे फळ्यावर मांडून दाखवलं. माझ्या मुलाच्या वयाचा एक वाणी मुलगा म्हणाला, त्याच्या आजोबांच्या चोपड्यातही असंच, फक्त ते जमा-उधार म्हणतात. सरांनी मला पुन्हा एकदा समजावून सांगायला लावलं.

आई, तुझंही सांगते. महिन्याचं दूध महिन्यातच खर्चाला धरायचं, पैसे पुढच्या पाच तारखेला दिले तरी, हे शिकवायला पुस्तकाला एक अख्खं प्रकरण लागलं. तू भिंतीवरच्या कॅलेंडरवर खाडे मांडून एकतीस तारखेलाच 'देणे' लिहून ठेवायचीस. मी ते प्रकरण एकदाच वाचलं.

आता मोडण्याबद्दल. स्थळ आलं तेव्हा तुम्ही मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. आजीचं दुखणं होतं, धाकट्याची फी होती, ते मला दिसत होतं. बरोबरीच्या मुली दुसऱ्या वर्षाला गेल्या तेव्हा रडले, हेही खरं आहे. पण ज्या दिवशी हिशेबाचं पुस्तक उघडलं, त्या दिवशी निम्मं मला आधीच येत होतं, ते कुणामुळे? बडोद्याचं स्थळ म्हटल्यावर तुम्हीच सांगितलं होतंत, कवळाण्याहून बारा वर्षांचे सयाजीराव इथे आले तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि पुढे त्यांनी शाळा काढल्या, बँक काढली. ती बँक ऑफ बडोदा १९०८ साली आमच्या मांडवीतच सुरू झाली. मी रोज त्याच रस्त्यानं दुकानात जाते आणि रोज तुमचं ते सांगणं आठवतं. हा बोल आता लावून घेऊ नका. मला त्याचा त्रास होतो.

एक मागणं आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत जुन्या वह्या असतील, त्यातली एक पाठवा. तिच्यातल्या एका महिन्याची कीर्द घेऊन मी पुस्तकाच्या पद्धतीनं खतावणी करणार, म्हणजे नोंदी एकेका खात्यावर नेणार, आणि तेरीज काढणार, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्या जुळवून पाहणार. डिसेंबरच्या परीक्षेआधी त्याहून चांगला सराव नाही. बेरीज जुळली नाही तर रात्री फोन करीन, तेव्हा शेतकऱ्यांची नावं तुम्हाला आठवावी लागतील.

माळ्यावर तुम्ही चढू नका. दिवाळीत धाकटा येईल, त्याला चढवा. आई, तू शिडी धरायलाही जाऊ नकोस.

तुमची,
माई