करार झाला, ओहोटी कोण बघणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात तिसऱ्या पानावर त्या समुद्र संवर्धन कराराची बातमी वाचली. वाचली म्हणजे शोधून काढली, कारण पाऊण जागा फोटोनेच खाल्ली आहे. फोटोत दोघे सह्या करताहेत आणि उरलेले ओळीने उभे राहून त्या सह्या बघताहेत. बातमीत कंपनी आहे, संस्था आहे, शाळा आहेत, संयुक्त राष्ट्रांचे २०२१ ते २०३० हे महासागर दशकसुद्धा आहे. मुलांना समुद्र कोण, कधी आणि कुठे दाखवणार, तेवढे मात्र नाही. जागेअभावी राहिले असावे.

सर्व संबंधितांचे अभिनंदन. ते केले नाही तर म्हातारी खडूस आहे असे म्हणायला लोक मोकळे. पण असला एक करार मी फार जवळून पाहिला आहे, म्हणून लिहायला बसले.

मी शिकवत होते त्या शाळेचे नाव लिहीत नाही, अजून लग्नकार्यात सगळ्यांच्या गाठी पडतात. आमचाही असाच करार झाला होता. शाळा, एक संस्था आणि खर्च उचलणारी एक कंपनी. त्यात सातवी-आठवीच्या मुलांना कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात न्यायचे ठरले. १९८२ मध्ये जाहीर झालेले हे देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान. नराराच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी आत हटते आणि प्रवाळांच्या खडकांवरून चक्क चालत जाता येते. होडी नको, पोहायला यायला नको. बडोद्याच्या मुलांना यापेक्षा सोयीचा समुद्र कुठला मिळणार?

तिथल्या वाटाड्याशी मी आधी फोनवर बोलले होते. तो म्हणाला, बेन, सकाळी लवकर या, पाणी कुणासाठी थांबत नाही. रात्रभर बसमध्ये अवघडून आम्ही वेळेवर पोचलो. मुले बूट घालून तयार. पण कंपनीचे साहेब यायचे होते. ते येईपर्यंत फ्लेक्स बांधायचा होता. दोन बांबूंना बांधलेला तो फ्लेक्स वाऱ्याने शिडासारखा फुगायला लागला, म्हणून चार मुले तो धरून उभी. साहेब आले. बोधचिन्ह छापलेल्या टोप्या वाटल्या. मग श्रीफळ, मग शाल (भर उन्हात!), मग भाषण. समुद्र आपली आई आहे, वगैरे. वाटाड्या भाषणाकडे बघत नव्हता, तो आपल्या पायांकडे बघत होता. घोट्याच्या खाली असलेले पाणी घोट्याच्या वर आले होते.

पुढे काय झाले ते सांगायला नकोच. आम्ही घाईघाईने आत शिरलो. एका उथळ डबक्यात दगडाच्या कपारीत ऑक्टोपस बसला होता, अगदी चिखलाच्या रंगाचा. वाटाड्याने बोट दाखवले आणि आमच्या डोळ्यांदेखत तो गडद तपकिरी झाला. पुढच्या पाचसहा मुलांनी तो पाहिला. बाकीच्यांनी साहेबांची छत्री पाहिली. समुद्रफूल, तारामासा, मेंदूसारख्या वळ्यांचे प्रवाळ, सगळे त्या पाण्याखालीच होते. शिट्टी झाली, आम्ही मागे फिरलो. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात फोटो: 'विद्यार्थ्यांनी अनुभवले प्रवाळांचे विश्व'. फोटोत फ्लेक्स मात्र स्पष्ट दिसत होता.

सहलीची तारीख कशी ठरली होती, तर साहेबांना रविवार सोयीचा म्हणून. ओहोटीची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सगळ्यात लांब हटते, अष्टमीच्या आसपास जेमतेम. रत्नागिरीकडची माझी आत्या चौथी शिकलेली. ती तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ सांगायची. कच्छच्या आखातात तो हिशोब जसाच्या तसा चालत नाही, तिथले तक्ते बघावे लागतात, हे मान्य. पण निदान तिथी? दहा पानी करारात 'दृश्यमानता' नावाचे एक अख्खे कलम होते, कुणाचे बोधचिन्ह किती इंचांचे असावे याचे. ओहोटीची एक ओळ नव्हती.

आणि हे बडोद्यात व्हावे! ओखामंडळ, म्हणजे द्वारकेकडचा किनारा, एके काळी बडोदे संस्थानात होते. सयाजीराव महाराजांच्या सरकारने तिथला समुद्र तपासायला जेम्स हॉर्नेल या प्राणिशास्त्रज्ञाला बोलावले होते. हेतू निव्वळ ज्ञानाचा नव्हता, मोत्यांच्या शिंपल्यांपासून काही उत्पन्न निघते का ते पाहायचे होते. पण काम कसे झाले बघा. ओखामंडळच्या सागरी प्राण्यांवरच्या त्या अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्ये निघाला, दुसरा १९१६ मध्ये, आणि वेगवेगळ्या प्राणिगटांवर त्या त्या विषयाच्या जाणकारांकडून लिहून घेतले. सह्यांच्या समारंभाचा फोटो माझ्या तरी पाहण्यात नाही. अहवाल आहे.

आजच्या काळातलेच उदाहरण हवे असेल तर सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचे व्हेल शार्क घ्या. २००१ मध्ये त्यांना कायद्याचे पूर्ण संरक्षण मिळाले, पण कायद्याने जाळे थोडेच सुटते? २००४ मध्ये वनखाते, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि टाटा केमिकल्स एकत्र आले. रामकथाकार मोरारीबापूंनी कोळ्यांना सांगितले की ही माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आहे. लेकीची गोष्ट गळी उतरली हे खरेच, पण त्याबरोबर शार्कला सोडवताना कापलेल्या जाळ्याची भरपाईही मिळायला लागली. एरवी हजारो रुपयांचे जाळे कोण कापणार? हे मी वर्गात सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरची मुलेसुद्धा ऐकायची.

कालच्या बातमीत कोळी कुठे आहेत? वाटाडे कुठे आहेत? आणि 'बडोद्याला समुद्र नाही, तरीही पुढाकार' हे वाक्य कुणी लिहिले? कमाटीबागेतल्या संग्रहालयात जो निळ्या देवमाशाचा सांगाडा पाहत आपण सगळे लहानाचे मोठे झालो, तो मासा १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशीच आला होता. आपल्या कारखान्यांचे सांडपाणी नेणारा सुमारे ५५ किलोमीटरचा कालवाही सारोदजवळ तिथेच उतरतो. विश्वामित्री नदीत आपण जे सोडतो ते ढाढर नदीमार्गे खंभातच्या आखातात जाते. त्यातले काही करारात आहे का, हे तुमच्या वार्ताहराने विचारायला हवे होते. चहापान झाल्यावर विचारले असते तरी चालले असते.

माझी मागणी फार नाही. या मंडळींनी सहलीची तारीख भरती-ओहोटीचा तक्ता समोर ठेवून ठरवावी, वाटाड्याला नीट मानधन द्यावे, आणि पाहुण्यांचा सत्कार मुले परत आल्यावर करावा. शाल तेवढ्यात उडून जात नाही.

जाता जाता, विषय निघालाच आहे म्हणून. दिवाळीपासून आपल्या पंचांगाच्या चौकटीतून चंद्रोदयाची वेळ गायब झाली आहे. तिथे हल्ली गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात असते. गेल्या संकष्टीला आमच्या वाड्यात कुणी मोबाइलवर पुण्याची वेळ बघून उपास सोडला, कुणी मुंबईची, आणि आमच्या शेजारच्या काकू गच्चीत ताटकळत राहिल्या, त्यांचे गुडघे तेव्हापासून दुखताहेत. फोन केला तर आपल्या कार्यालयातून 'सूचना नोंदवून घेतली' असे उत्तर मिळाले. पुढच्या संकष्टीच्या आत ती वेळ पुन्हा छापावी, बडोद्याची.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका,
दांडिया बाजार, वडोदरा