बिघाडाचा अहवाल कुठे आहे? अंतराळ राज्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. राज्यमंत्री, अंतराळ विभाग, नवी दिल्ली

महोदय, सादर नमस्कार.

15 ऑगस्ट 2018 रोजी लाल किल्ल्यावरून देशाला शब्द दिला गेला होता. 2022 पर्यंत भारतमातेचं लेकरू, मुलगा असो वा मुलगी, तिरंगा घेऊन अंतराळात जाईल. 2022 सरलं. 27 फेब्रुवारी 2024 ला तिरुवनंतपुरमला गगनयानसाठी, म्हणजे माणसाला अंतराळात नेणाऱ्या आपल्या मोहिमेसाठी, चार नावं जाहीर झाली: प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप, शुभांशु शुक्ला. चौघंही कर्तबगार आहेत, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण त्या शब्दातली मुलगी कुठे गेली? तिच्या जागी आपण व्योममित्र दाखवता. मानवरहित उड्डाणात पॅनेल हाताळायला आणि इशारे द्यायला बनवलेला तो यंत्रमानव आहे. तो घडवणाऱ्या अभियंत्यांचं काम मोठंच आहे. पण यंत्राला बाईचा चेहरा दिला म्हणून दिलेला शब्द पाळला जात नाही.

पात्र मुली नव्हत्या, हे उत्तर पुरे झालं. त्या का नव्हत्या ते सांगा. अट होती हवाई दलातल्या चाचणी वैमानिकाची, म्हणजे नवी विमानं उडवून पारखणाऱ्याची. लढाऊ विमानांच्या तुकडीत मुली आल्या जून 2016 मध्ये. अवनी चतुर्वेदीनं मिग-21 एकटीनं उडवलं फेब्रुवारी 2018 मध्ये. गगनयानची निवड झाली 2019 मध्ये. चाचणी वैमानिक व्हायला आधी स्क्वाड्रनमध्ये वर्षानुवर्षं उड्डाणाचे तास साठवावे लागतात. तीन वर्षांत ते कुणालाही जमलं नसतं, मुलालाही नाही. म्हणजे अट लिहिली त्याच दिवशी मुली बाद झाल्या होत्या.

अट कामावरून ठरते. व्होस्टोक यानातला माणूस परतताना सुमारे 7 किलोमीटर उंचीवर यानाबाहेर फेकला जाई आणि स्वतःच्या पॅराशूटनं उतरे. म्हणून सोव्हिएत संघानं पॅराशूटच्या उड्या मारणाऱ्या मुली शोधल्या आणि जून 1963 मध्ये कापड गिरणीतली कामगार व्हॅलेंतिना तेरेश्कोवा पृथ्वीभोवती 48 फेऱ्या मारून आली. नासानं 1978 साली वैमानिक नसलेल्यांसाठी ‘मिशन स्पेशालिस्ट’ हे पद उघडलं, तेव्हा 35 जणांत पहिल्यांदा सहा बायका आल्या. कर्नालची कल्पना चावला पुढे याच वाटेनं गेली. आणि आपले शुभांशु शुक्ला जून 2025 मध्ये अ‍ॅक्सिअम-4 या खासगी मोहिमेतून अंतराळ स्थानकावर गेले, त्या यानाची कमांडर कोण होती? पेगी व्हिटसन. आयोवातल्या शेतकऱ्याची मुलगी, जीवरसायनशास्त्राची डॉक्टर, नावावर अंतराळातले 695 दिवस. आपल्या अटीत ती बसली नसती, महोदय! तिच्या हाताखाली आपला माणूस गेला आणि तिच्यासारख्या भारतीय मुलीला अर्जसुद्धा करता आला नसता.

पहिल्या उड्डाणाला चाचणी वैमानिक हवेत, हे मला मान्य आहे. पण मुलींची तयारी निवडीनंतर करता येत नाही. मार्च 2019 मध्ये नासाच्या अ‍ॅन मॅकक्लेन आणि क्रिस्टिना कोच या दोघींचा स्पेसवॉक ठरला होता. तो होऊ शकला नाही, कारण अंतराळसूटचा मध्यम मापाचा छातीचा कडक भाग एकच तयार होता. हा भाग सैल झाला की सूटचे खांदे माणसाच्या खांद्यांवर येत नाहीत, हात पुरत नाही आणि फुगलेल्या बाह्या वाकवतानाच दम जातो. कोच आणि जेसिका मायर बाहेर पडल्या त्या 18 ऑक्टोबरला, 7 तास 17 मिनिटं. आपले सूट, आसनं आणि शौचव्यवस्था कोणत्या उंची-वजनापासून कोणत्या उंची-वजनापर्यंत चालतील, ते आजच जाहीर करा. रशियाच्या सोयूझ यानातल्या आसनाचं माप जगाला ठाऊक आहे: उंची 150 ते 190 सेंटीमीटर, वजन 50 ते 95 किलो.

7 ऑगस्ट 2022 ला एसएसएलव्ही या इस्रोच्या छोट्या रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं. त्यात आझादीसॅट हा उपग्रह होता, 75 सरकारी शाळांतल्या 750 मुलींनी जुळवलेली उपकरणं घेऊन. दुसरा टप्पा सुटताना हादरा बसला, वेगातला बदल मोजणाऱ्या त्वरणमापकांचे आकडे क्षणभर भलतेच आले, संगणकानं ते बाद ठरवले आणि 356 किलोमीटर उंचीच्या वर्तुळाऐवजी एका टोकाला 356 आणि दुसऱ्या टोकाला 76 किलोमीटर उंचीची कक्षा मिळाली. 76 किलोमीटरवर हवा उपग्रहाला टिकू देत नाही. इस्रोनं समिती नेमली, कारण शोधलं, जाहीर केलं, दुरुस्ती केली. 10 फेब्रुवारी 2023 ला आझादीसॅट-2 कक्षेत पोचला. सहा महिन्यांत! निवडीतल्या बिघाडाला मात्र समिती नाही, अहवाल नाही.

सगळीकडे हेच. मंगळयान पोचलं त्या दिवशीचा साड्यांतल्या बायकांचा फोटो जगभर फिरला. त्या प्रशासकीय कर्मचारी होत्या, हे इस्रोनंच नंतर सांगितलं. नियंत्रण कक्षात होत्या ऋतू करिधाल आणि नंदिनी हरिनाथ, त्यांची नावं लोकांना कळायला वेळ लागला. चांद्रयान-2 च्या प्रकल्प संचालक एम. वनिता. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल1 च्या निगार शाजी, तमिळनाडूतल्या सेंगोट्टईच्या. एवढी मोठी यानं बायकांनी सांभाळली, तरी 1969 पासून इस्रोच्या अध्यक्षपदी एकही बाई नाही. संशोधन करणाऱ्या मुलींची फेलोशिप महिनोन्महिने रखडते, बाळंतपणात वयोमर्यादा उलटते, आणि 8 मार्चला त्यांनाच गुच्छ मिळतो. गुच्छ नको आहे.

आझादीसॅटच्या त्या मुलींतल्या कित्येक जणी आता कॉलेजात असतील. पुढच्या तुकडीसाठी कोणती पदवी लागेल, किती उंची, किती वजन, डोळ्यांची कोणती अट, वैमानिक नसलेल्यांना जागा किती, हे एका छापील पानावर द्या. खाली सही आणि तारीख हवी. मराठीत, तमिळमध्ये, आसामीतही द्या, कारण त्या सरकारी शाळांतून आल्या आहेत.

आपली,
एक नागरिक