सुभेदार काका, 110 व्या पलटणीसाठी तुमचे आभार

तीर्थस्वरूप सुभेदार काका यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या घरी न पाठवता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. तुम्ही मला जे शिकवलंत ते आपल्या पाटण खोऱ्यातल्याच काय, साऱ्या साताऱ्या-रत्नागिरीतल्या कितीतरी घरांच्या कामाचं आहे. पहिल्या महायुद्धातलं एखादं चांदीचं मेडल अजून बऱ्याच घरांत ट्रंकेच्या तळाशी असतं आणि त्याबरोबर एकच वाक्य चालत आलेलं असतं: बसऱ्याच्या लढाईत गेले, ते परत आलेच नाहीत. आमच्या पणजोबांबद्दल आम्हाला तेवढंच माहीत होतं. तुम्ही मेडल हातात घेतलंत, राजाच्या मुखवट्याकडे बघितलंही नाहीत, कडेवरून नख फिरवलंत आणि म्हणालात, "सगळं इथं लिहिलंय." शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण. 110 मराठा लाइट इन्फंट्री.

त्या तीन आकड्यांनी काय उघडलं, हे तुम्हाला कदाचित पुरतं जाणवलं नसेल. लष्करी इतिहासाची पुस्तकं मी आधीही वाचत होतो, पण युद्धागणिक वाचत होतो. मेसोपोटेमियाचं (म्हणजे आजच्या इराकचं) एक, इटलीचं दुसरं, 1971 चं तिसरं. तुम्ही सांगितलंत की युद्धाच्या नव्हे, पलटणीच्या मागे जा. 1922 मध्ये फौजेची फेररचना झाली आणि जुन्या मराठा पलटणींची मिळून 5 वी मराठा लाइट इन्फंट्री झाली. 103 वी तिची पहिली बटालियन, म्हणजे आपली जंगी पलटण. 117 वीला मेसोपोटेमियातल्या कामगिरीसाठी 'रॉयल' हा किताब मिळाला आणि ती पाचवी बटालियन झाली. आमच्या पणजोबांची 110 वी झाली तिसरी, आणि स्वातंत्र्यानंतर तीच पॅराशूट रेजिमेंटमधली 2 पॅरा. हे तुम्ही जुन्या वहीच्या पानावर बाणांनी काढून दिलंत. ते पान मी प्रत्येक पुस्तकात खूण म्हणून ठेवतो.

आणि मग कुत. बगदादजवळच्या टेसिफॉनच्या लढाईत, नोव्हेंबर 1915 मध्ये, 6 व्या म्हणजे पुणे डिव्हिजनचे चार हजारांहून जास्त लोक कामी आले किंवा जखमी झाले. उरलेली फौज मागे सरत कुत-अल-अमारा या नदीकाठच्या गावी आली आणि 7 डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला. 103, 110 आणि 117, तिन्ही मराठा पलटणी आत अडकल्या. त्यांना सोडवायला निघालेल्या फौजेचे सुमारे 23,000 लोक मेले किंवा जायबंदी झाले, तरी वाट मोकळी झाली नाही. 29 एप्रिल 1916 ला साधारण 13,000 लोक शरण गेले. त्यात बहुसंख्य आपले हिंदी शिपाई आणि त्यांच्यासोबतचे बिनलढाऊ लोक.

पुस्तकांत ही गोष्ट बहुतेक या फौजेचा सेनापती जनरल टाऊनशेंड याच्या बाजूने सांगितलेली असते. त्याने बगदादकडे जायला नको होतं की वरिष्ठांनी पाठवायला नको होतं, यावर प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. तुम्ही म्हणालात, "ते राहू दे, रेशनचं काय झालं ते शोध." शोधलं. आटा दर आठवड्याला कमी होत गेला, भाजीपाला संपला, स्कर्वीने हिरड्या सुजल्या. घोडे कापायला लागले तेव्हा आपल्या बऱ्याच शिपायांनी ते मांस खाल्लं नाही. एप्रिल उजाडेपर्यंत खाल्लं नाही. काही इंग्रज लेखक याला नुसता हट्ट म्हणतात. तुम्ही मला समजावलंत की गावी परतल्यावर पंगतीत बसू देतील का, ही भीती त्या पोरांना तुर्की गोळीपेक्षा मोठी होती, आणि ती खरी होती. इतकं नेमकं मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. तुम्ही स्वतः लंगरच्या रांगेत उभं राहून आयुष्य काढलंत म्हणूनच ते तुम्हाला दिसलं, असं मला वाटतं.

टाऊनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिला. शिपाई उन्हात वाळवंट तुडवत गेले, आणि त्यांतल्या कित्येकांना रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामाला जुंपलं. पणजोबा कैदेतच गेले.

एवढं कळल्यावर मी थांबणार होतो. तुम्ही थांबू दिलं नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावर मेसोपोटेमियात पडलेल्या 40,000 हून अधिक लोकांची नोंद आहे, पण हिंदी फौजेपैकी भिंतीवर फक्त अधिकाऱ्यांची नावं कोरलीत. शिपायांचा पलटणीवार नुसता आकडा. ते स्मारकसुद्धा 1997 मध्ये मूळ जागेवरून उचलून शहराबाहेर वाळवंटात नेलं. हे वाचून मी तुमच्याकडे संतापून आलो होतो. तुम्ही शांतपणे सांगितलंत की भिंत वेगळी आणि नोंदवही वेगळी. युद्धात पडलेल्यांच्या थडग्यांची आणि नावांची नोंद ठेवणाऱ्या वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदीत बघ. तिथे पणजोबांचं नाव निघालं. वडिलांचं नाव, आपलं गाव, तालुका पाटण, जिल्हा सातारा. आमच्या आजीला ते वाचून दाखवलं तेव्हा तिने ते नाव पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. काका, तिच्या वतीनेही तुमचे आभार मानायचेत.

त्यानंतर मी पलटणीबरोबर पुढे निघालो. मार्च 1941 मध्ये इरिट्रियात केरनच्या डोंगरांवर तिसरी बटालियन होती. 10 जुलै 1944 ला इटलीत, टायबरच्या वरच्या खोऱ्यात, तिच्यातले नाईक यशवंत घाडगे एकटे मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेले. सेक्शनमधले बाकीचे सगळे पडले होते. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून त्यांनी टॉमीगन नळीकडून धरून शेवटचे दोन शत्रू मारले आणि मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच पडले. वय 22. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि 2023 मध्ये इटलीतल्या मोन्तोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं. आणि 11 डिसेंबर 1971 ला आजच्या बांगलादेशातल्या टांगाइलला लेफ्टनंट कर्नल पन्नूंच्या हाताखाली विमानांतून उतरलेली 2 पॅरा हीच. 16 डिसेंबरला ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या भारतीय तुकड्यांत ती होती. पणजोबांची पलटण ढाक्याला पोहोचली, हे वाक्य पहिल्यांदा जुळलं तेव्हा मी भर वाचनालयात उठून उभा राहिलो होतो.

तुम्ही माझ्याकडून काही घेतलं नाहीत. पेट्रोलचे पैसेसुद्धा परत केलेत. म्हणून एवढंच कळवतो की खालच्या वाडीतल्या तीन घरांनी आपापली मेडलं दाखवायला काढलीत. एकाच्या कडेवर 114 आहे, एकावर 117, आणि तिसरं इतकं झिजलंय की मला वाचता येत नाही. भात काढून झाल्यावर तिन्ही घेऊन येतो. टायबर खोऱ्याचा नकाशाही मोठ्या कागदावर छापून आणतो, म्हणजे तुम्हाला भिंगाशिवाय बघता येईल. घाडगे कुठल्या उतारावरून चढले असतील, ते तुमच्याकडून समजून घ्यायचंय.

तुमचा,
110 व्या मराठा पलटणीतल्या एका शिपायाचा पणतू