प्रयोगाचं साहित्य मोडू द्या: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी तासगाव तालुक्यात विज्ञान शिकवतो. मुख्य मागणं एकच आहे. प्रयोग करताना साहित्य मोडलं तर शिक्षकाला जाब द्यावा लागणार नाही, असा स्पष्ट शासन निर्णय काढा.

हे सुचलं ते हॅलेचा धूमकेतू शिकवताना. युरोपीय अवकाश संस्थेचं जिओत्तो यान 14 मार्च 1986 रोजी त्याच्या गाभ्यापासून सुमारे 600 किलोमीटरवरून गेलं. धूमकेतूतून उडणाऱ्या धुळीच्या सापेक्ष यानाचा वेग सेकंदाला 68 किलोमीटर. या वेगाने आलेल्या एक ग्रॅमच्या कणात ताशी 245 किलोमीटरने धावणाऱ्या एक टनाच्या गाडीएवढी ऊर्जा असते. म्हणून यानापुढे दुहेरी ढाल होती: पुढे ॲल्युमिनियमचा एक मिलिमीटरचा पत्रा, मध्ये मोकळी जागा, मागे केव्हलार या अतिशय बळकट धाग्याचा जाड थर. पत्र्यावर कणाची वाफ होते, ती पसरते आणि मागे पोचेपर्यंत तिचा जोर ओसरतो. ढालीला पिझो सेन्सर, म्हणजे थरथरीचं विजेत रूपांतर करणारे संवेदक, जोडले होते. कण आदळला की पत्रा थरथरे, त्यातून विजेचा संकेत येई आणि त्यावरून कणाचं वस्तुमान काढलं जाई. यानाने असे सुमारे 12,000 आघात नोंदवले. अगदी जवळ पोचता पोचता एका मोठ्या कणाने यान हेलकावलं, संपर्क तुटू लागला, कॅमेरा कायमचा गेला. त्याच यानाने 1992 मध्ये ग्रिग-स्केलरप या दुसऱ्या धूमकेतूचीही धूळ मोजली. मार खाणार हे ठाऊक असूनच ते बांधलं होतं.

पिझो चकती सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दहा-वीस रुपयांना मिळते. आम्ही ती पत्र्याच्या झाकणाला चिकटवली, तारा संगणकाच्या माइकच्या खोबणीत घातल्या आणि एकाच उंचीवरून आधी मोहरी, मग शाळूचा दाणा टाकला. पडद्यावरच्या आलेखात मोहरीची बारीक शेंडी, शाळूची उंच. मग आठवीच्या एका मुलीने कुणाला न दाखवता दाणे टाकले आणि बाकीच्यांनी नुसत्या शेंड्या बघून कुठला दाणा पडला ते सांगितलं. जिओत्तोच्या शास्त्रज्ञांनाही कण दिसत नव्हते, संकेतच दिसत होते. ते त्या पोरांना मला समजावून सांगावं लागलं नाही.

या मुलांना हॅले परकाही नाही. त्याचीच धूळ दर ऑक्टोबरात, 21 तारखेच्या आसपास, मृग नक्षत्राच्या दिशेकडून उल्का होऊन येते. ऑक्टोबर छाटणीनंतर वडिलांबरोबर पहाटे फवारणीला द्राक्षबागेत जाणारी पोरं त्या उल्का बघतात.

आणि शाळेत? आमच्या भागात कितीतरी ठिकाणी प्रयोगाची पेटी कुलपात असते. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद आहे, तपासणीला वस्तू दाखवावी लागते, भिंग फुटलं तर काय लिहायचं ही धास्ती. मी शिक्षकांना दोष देत नाही. नोंदवही ज्याच्या नावावर, तो पेटी जपणारच.

म्हणून आणखी दोन गोष्टी त्या निर्णयात असाव्यात. वापरात मोडलेली वस्तू मुख्याध्यापकांच्या सहीने त्याच दिवशी नोंदवहीतून कमी करता यावी. तारा, चकत्या, सेल अशा किरकोळ खरेदीसाठी दरवर्षी थोडी रक्कम शाळेच्या हाती असावी आणि दुकानाची साधी पावती पुरेशी धरावी. मसुदा करताना रोज वर्गावर उभ्या राहणाऱ्या शिक्षकांना बोलवा. आम्ही येऊ, झाकण आणि चकती घेऊन येऊ.

आपला,
एक विज्ञान शिक्षक
ता. तासगाव, जि. सांगली