‘बुटलेगर’ म्हणजे हातभट्टीवालाच असे नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एमपीडीए (धोकादायक कृत्ये रोखण्याचा महाराष्ट्राचा कायदा) याखालील स्थानबद्धतेच्या बातम्यांत एकाच माणसाला कधी ‘बुटलेगर’ तर कधी ‘हातभट्टीवाला’ म्हटलेले दिसते. १९८१ च्या या कायद्याच्या मराठी नावातच ‘हातभट्टीवाले’ आहे, तेव्हा बातमीदाराला बोल लावता येत नाही. पण कलम २ मधली व्याख्या बरीच ऐसपैस आहे. दारूबंदी कायदा मोडून दारू गाळणारा तीत आहेच; शिवाय साठवणारा, वाहून नेणारा, विकणारा आणि जाणूनबुजून या धंद्याला पैसे, गाडी किंवा भांडी पुरवणाराही आहे. गोवा बनावटीच्या दारूचे खोके भाजीच्या क्रेटखाली दडवून जतला पोचवणाऱ्याने गूळ-नवसागराचे रसायन कधी पाहिलेलेही नसेल. त्याला हातभट्टीवाला म्हटले की वाचकाला ओढ्याकाठचे बॅरल दिसते. तिथे ‘दारूची चोरटी वाहतूक करणारा’ असेच लिहावे.

मूळ शब्द साधा आहे. बूटलेग म्हणजे उंच बुटाची पोटरीवरची नळी. तीत चपटी बाटली खोचून चोरून दारू विकणारा तो बुटलेगर. १९२० ते १९३३ या अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात हा शब्द घरोघरी पोचला. पुढे दारू मागे पडली, लपवाछपवी तेवढी राहिली. अमेरिकी फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा खेळाडू, चेंडू दुसऱ्याला दिल्याची हूल देतो, स्वतःच्या कमरेआड धरतो आणि उलट बाजूला पळतो. त्या डावालाही बूटलेगच म्हणतात.

खरी गल्लत संगीतात होते. बाजारात आलेल्या अल्बमची चोरटी नक्कल ती पायरेटेड. वेष्टनासकट हुबेहूब केलेली ती बनावट. आणि कंपनीने कधी काढलेच नाही असे मैफलीतले चोरून केलेले ध्वनिमुद्रण ते बूटलेग. ‘पायरेटेड’ लिहून तिन्हींची बोळवण करू नये. डॉल्बीवाल्या पोरांच्या तोंडी असलेला ‘बूटलेग मिक्स’ आणखी वेगळा: मूळ गाण्याच्या मालकाला न विचारता केलेला रिमिक्स. गंमत म्हणजे एमपीडीएत व्हिडिओ पायरसी करणाऱ्यांचा वर्ग निराळा आहे. तिथला बुटलेगर फक्त दारूचा आणि मादक पदार्थांचा.

बूटलेग जीन्समध्ये मात्र काहीच बेकायदा नाही. गुडघ्याखाली घेर थोडा वाढवलेला, आत बूट मावावा म्हणून. पानावरच्या जाहिरातीत ‘बूटकट’ लिहिले की भागते.

भाषांतर करताना शेजारचे नाम आधी पाहावे: व्हिस्की, टेप, जीन्स की होल? शेवटचे असेल तर जास्त जपावे. खाणकामात सुरुंग उडाल्यावर ड्रिलच्या भोकाचा जो तळ न फुटता खडकात उरतो, त्यालाही बूटलेग म्हणतात. त्यात न उडालेली स्फोटके असू शकतात; म्हणून त्याच भोकात पुन्हा ड्रिल घालायचे नसते. क्रशरवरच्या सूचनाफलकावर याचे ‘बेकायदा भोक’ झाले, तर कामगार परवानगीच्या कागदाबद्दल विचारेल आणि ड्रिल तिथेच लावेल. ‘सुरुंगाचे उरलेले भोक, ड्रिल घालू नये’ एवढे पुरे.

आपले,
इंग्रजी-मराठी भाषांतराचे काम करणारे काही वाचक, सांगली