रविवारचा फोटोवॉक : मंडईत, एकाच लेन्सने

सभासदांनो, रविवारी सकाळी साडेसहाला मंडईत टिळकांच्या पुतळ्यापाशी जमायचं आहे. उशीर करू नका, कोवळं ऊन कुणासाठी थांबत नाही.

या वेळी प्रत्येकाने एकच लेन्स आणायची. क्रॉप सेन्सरवर (म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ३५ मिमी उत्तम, किटलेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम लेन्स) असेल तर ३५ वर ठेवून झूमला हात लावायचा नाही. पुढे-मागे व्हायचं ते पायांनी. आणि दोन तासांत फक्त ३६ फोटो, जुन्या रोलइतके. मागच्या वेळी एकाने ६०० काढले आणि दाखवायला चारही निवडता येईनात. (तो मीच.)

मंडईच्या आत उजेड कमी असतो. शटरचा वेग १/१२५ सेकंदाच्या खाली नेऊ नका, माणसं हलतात. त्यापेक्षा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, १६०० किंवा ३२०० करा. थोडे दाणे दिसले तरी चालतील, हललेला चेहरा मात्र दुरुस्त होत नाही. पांढऱ्या मुळ्यांच्या ढिगावर कॅमेरा फसतो आणि फोटो काळपट येतो, तिथे एक्स्पोजर +०.७ करून (म्हणजे फोटो थोडा उजळ करून) पाहा. फाइल रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात.

गाळ्यावरच्या मावशींना आधी विचारा, मग कॅमेरा उचला. भवानीची वेळ असते, वाट अडवू नका.

बॅटरी रात्रीच चार्ज करा. नंतर मिसळ, आपापल्या खर्चाने.