गावच्या क्लबाचा वाटा त्याला द्या: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

माननीय क्रीडामंत्री, गोवा राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यात राहतो आणि गावच्या क्लबात सहा ते तेरा वर्षांच्या मुलामुलींना संध्याकाळी फुटबॉल शिकवतो. पुढच्या अर्थसंकल्पाची आकडेमोड सुरू होण्याआधी एक मागणी आपल्यापुढे ठेवतो. मुलाला पहिली काही वर्षं जो क्लब शिकवतो, त्याला त्या कामाचा मोबदला मिळाला पाहिजे आणि तसा नियम गोव्यात झाला पाहिजे.

२०१२ साली फुटबॉलला राज्यखेळाचा दर्जा मिळाला, तेव्हा गोवा देशात सर्वांच्या पुढे होता. आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली सर्वोच्च फुटबॉल लीग, २००७-०८ मध्ये सुरू झाली आणि तिची पहिली सहाही विजेतेपदं आपल्याच क्लबांनी घेतली: धेंपोने तीन, चर्चिल ब्रदर्सने दोन, साळगावकरने एक. समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा हे त्या काळातले आपले खेळाडू. २०१६ साली मात्र धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी त्या लीगमधून माघार घेतली. मोठा क्लब हात आखडता घेतो, तेव्हा वरच्या जागा कमी होतात आणि त्याची झळ खाली गावापर्यंत पोचते. अशा वेळीही मैदानावर रोज येतो तो गावचा क्लबच, पण त्याचा विचार योजनांत फारसा होत नाही.

फिफाच्या नियमांत या कामाची थोडी दखल आहे. करार चालू असताना खेळाडू रक्कम मोजून दुसऱ्या क्लबात गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. खेळाडू पहिला व्यावसायिक करार करतो तेव्हा घडवणाऱ्या क्लबांना मिळणारी प्रशिक्षणाची भरपाई त्याहून वेगळी. पण आमची मुलं चौदाव्या-पंधराव्या वर्षी एक पैसाही न घेता जातात, आणि शून्याचे पाच टक्के शून्यच. बाराव्या वर्षाआधी जे शिकवलं, चेंडू पायाशी ठेवणं, मान वर करून खेळणं, ते तर कुणाच्याच हिशेबात नाही.

आमच्याकडचा एक मुलगा असाच एका मोठ्या अकादमीत गेला. तो गेला याचा आम्हा सगळ्यांना आनंद आहे, त्याची तिथेच प्रगती होणार. पण आमच्या क्लबाला कुणी साधा फोन केला नाही, आणि त्याच्या कागदपत्रांत आमचं नाव कुठेच नाही. ज्या बाईंनी त्याला सात वर्षांचा असल्यापासून शिकवलं, त्यांना आजही मानधन म्हणून फक्त जाण्या-येण्याचं भाडं मिळतं. असा माणूस एक दिवस कंटाळून थांबतो आणि मग त्या वाड्यावरची पुढची मुलं मैदानावर येतच नाहीत.

म्हणून गोवा फुटबॉल असोसिएशन आणि गोवा फुटबॉल विकास मंडळ यांना एकत्र बसवून सहाव्या वर्षापासूनची तालुकावार नोंदवही सुरू करा. त्या नोंदीतला खेळाडू पहिल्यांदा प्रोफेशनल लीगमध्ये किंवा राज्याच्या संघातून उतरला, की त्याला शिकवलेल्या प्रत्येक वर्षामागे जुन्या क्लबाला ठरावीक रक्कम द्या. अर्धी त्याला घेणाऱ्या क्लबाने द्यावी, अर्धी सरकारने. रक्कम मोठी नको. फक्त अट घाला की ती प्रशिक्षकाच्या मानधनावर आणि चेंडूंवरच खर्च व्हावी, आणि प्रशिक्षकाकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा किमान डी दर्जाचा प्रशिक्षक परवाना असावा. परवान्याचा वर्ग वाळपईत किंवा सांग्यात भरवला, तर नोकरी सांभाळून शिकवणारेही तो करू शकतील.

पैसा गावांत नाही असं नाही. आंतरग्राम स्पर्धांची बक्षिसं लाखांत जातात आणि ती जिंकायला बाहेरून खेळाडू आणले जातात. या स्पर्धांमुळे गावात गर्दी जमते, मुलांना खेळाचं वेड लागतं. त्या बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. मात्र जिला सरकारी अनुदान मिळतं, त्या प्रत्येक स्पर्धेत एक दिवस त्याच पंचक्रोशीतल्या लहान मुलांच्या सामन्यांसाठी राखून ठेवायला लावा.

ते सामने पाच-पाच किंवा सात-सात जणांचे, छोट्या मैदानावर, चार नंबरच्या, म्हणजे नेहमीपेक्षा लहान, चेंडूने व्हावेत. गुणतक्ता नको. अकरा जणांच्या मैदानात नऊ वर्षांच्या पोराच्या पायाला चेंडू किती वेळ लागणार? आणि तेराव्या वर्षाआधी राज्याची निवड चाचणी घेऊच नका. एकाच गटात जानेवारीत जन्मलेलं मूल असतं आणि डिसेंबरात जन्मलेलंही. त्या वयात अकरा महिन्यांत मूल केवढं वाढतं! चाचणीत थोराड मुलगा निवडला जातो आणि बारकुडा घरी परततो. चार वर्षांनी दोघांची उंची सारखी होते, पण तोवर बारकुड्याने खेळ सोडलेला असतो.

मुलींबद्दल थोडं बोलतो. फातोर्ड्याचं नेहरू स्टेडियम २०१७ मध्ये मुलांच्या आणि २०२२ मध्ये मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी सजलं. आमच्या तालुक्यातल्या मुली मात्र बाराव्या वर्षी खेळ सोडतात. मैदानाजवळ कपडे बदलायला खोली नाही आणि अंधार पडल्यावर घरी जायला बस नाही. या दोन गोष्टींना विश्वचषकाएवढा खर्च येत नाही.

शेवटी पाऊस. जून ते सप्टेंबर आमचं मैदान म्हणजे तळं. सरकारी शाळांची सभागृहं संध्याकाळी दोन तास उघडून दिलीत, तर मुलांचे हे महिने फुकट जाणार नाहीत. त्यासाठी शिक्षण खात्याचं एक परिपत्रक पुरे.

अर्थसंकल्पाआधी पेडणे, डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण इथल्या गावच्या क्लबांना एकदा पणजीत बोलवा. आमच्या क्लबाकडे मुलांच्या जुन्या हजेरीवह्या आहेत. नोंदणी सुरू करणार असाल, तर त्या घेऊन आम्ही येऊ.

आपला नम्र,
सत्तरीतील एक फुटबॉल प्रशिक्षक